सातव्या भोपळ्यातला गुडघा

मोठे सर स्वयंपाकघरात शिरले तेव्हा बारकीच्या हातात मुळा होता आणि मुळ्यात अर्धी उमललेली कळी. दारातून आवाज आला, "इथं कोरीव काम कोण करतं?" आणि कळीची एक पाकळी तुटून ओट्यावर पडली. सोळा वर्षांत तिच्या हातून पाकळी तुटली नव्हती.

तो आवाज ती तीस वर्षांनी ऐकत होती. एके काळी तोच आवाज तिच्या घरात, तिच्याच टेबलाशी बसून म्हणायचा, "आत्या, अजून थोडं वाढा."

हॉटेलच्या मेजवानी विभागाचं ते स्वयंपाकघर. स्टीलचे लांबच लांब ओटे, वर पळ्यांची रांग, आणि खिडकीजवळचा कोपऱ्यातला ओटा बारकीचा. कलिंगडाचं कमळ, गाजराचा पोपट, काकडीचा पंखा. तिच्या सुरीखालून जे निघे त्याचे लोक आधी फोटो काढत, मग इकडे तिकडे बघून हळूच खात. चाळिशी उलटली तरी घरात ती बारकीच, कामावर मात्र सगळ्यांची ताई. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत एप्रन. उरायचे ते दोन डोळे, आणि मोठ्या सरांना कुणाच्या डोळ्यांकडे बघायची सवय नव्हती.

"कमळं-बिमळं नकोत," सर म्हणाले. "ती लग्नात असतात. आमची कराटेची शाळा आहे, तिला तीस वर्षं होतायत. काहीतरी जोरकस पाहिजे."

"जोरकस म्हणजे लाल भोपळा," वस्ताद म्हणाला. वस्ताद म्हणजे तिथला मुख्य आचारी, स्वतःही भोपळ्यासारखाच गोल, आणि कल्पना सुचायला लागल्या की न थांबणारा. "एका भोपळ्यावर उडी मारलेला माणूस, लाथ हवेत. दुसऱ्यावर मूठ आणि विटेचे दोन तुकडे. तिसऱ्यावर तोंड बांधलेला लढवय्या, नुसते डोळे दिसतायत. चौथ्यावर आग ओकणारा अजगर."

"अजगर आग ओकत नाही."

"भोपळ्यावर ओकतो, साहेब. आत दिवा ठेवला की कुणीही ओकतं."

सरांनी त्याचं बोलणं हाताने झटकलं आणि एक गुळगुळीत पुस्तिका ओट्यावर, मुळ्याच्या सालींवरच ठेवली. "नऊ भोपळे. नऊ पावलं. ही माझी रचना आहे, देशोदेशी शिकवली जाते. प्रत्येक भोपळ्यावर एक पाऊल, नवव्यावर माझा चेहरा. रविवारी दुपारी पडदे ओढायचे, अंधार करायचा. मी मंचावर एकेक पाऊल टाकीन, तसा माझ्यामागे एकेक भोपळा उजळेल. जमेल?"

"ताईला काय जमत नाही!" वस्ताद म्हणाला.

बारकीने पुस्तिका उघडली. नऊ फोटो. सातव्या फोटोत सर डावा पाय अर्धं पाऊल जमिनीवरून ओढत होते, डावा तळहात गुडघ्यावर. खाली छापलं होतं, ‘सातव्या पावलातला हा अर्धविराम माझ्या अनेक वर्षांच्या चिंतनाचं फळ आहे. त्याचं मर्म योग्य वेळी योग्य शिष्यालाच उलगडतं.’

तिने पुस्तिका मिटली. "जमेल," ती म्हणाली.

"आणि बाई, पाय नीट काढा," सर जाता जाता म्हणाले. "पायातच सगळं आहे."

"हो," बारकी म्हणाली. "पायातच आहे."

*

तेव्हा ते मोठे सर नव्हते. तेव्हा त्यांना उंच्या म्हणत. बाबांचा पहिला शिष्य, चोवीस वर्षांचा, शिडीसारखा. बाबांनी एक जुनं गोदाम घेऊन, स्वतः रंगवून, स्वतः चटया शिवून त्यात वर्ग सुरू केला होता. बारकीची आई ती लहान असतानाच गेलेली, त्यामुळे बारकी त्या चटयांवरच रांगली, त्यांच्यावरच चालली.

मग बाबा छताची काच पुसताना शिडीवरून पडले आणि डावा गुडघा कामातून गेला. त्याच वर्षी, गुडघ्याला पट्टी बांधून, काठी टेकत, त्यांनी नऊ पावलं रचली. वर्गातल्या मुलींना पाठ व्हावीत म्हणून त्यावर गाणंही जोडलं.

पहिलं पाऊल उंबऱ्यात,
दुसरं पाऊल वाऱ्यात,
तिसरं पाऊल मागं घे,
चौथ्यात सारं अंग दे,
पाचवं फिरव गरागरा,
सहावं टाक भराभरा,
सातवं जरा सांभाळ गं,
गुडघा तान्हं बाळ गं,
आठवं उचल, नववं टेक,
वाक आणि घे श्वास एक.

सातव्याला बाबांचा पाय उचलला जायचाच नाही. मग ते गुडघ्यावर हात धरून तो अर्धं पाऊल ओढायचे आणि हसायचे. "हे माझ्यापुरतं हं. गुडघा बरा झाला की सरळ टाकीन, तेव्हा बघा." गुडघा बरा झाला नाही. सातवं पाऊल सरळ कसं पडतं हे कुणी कधी पाहिलंच नाही.

उंच्या त्या दिवसांत मागच्या भिंतीला टेकून उभा असायचा. मुलींचं गाणं त्याला पोरखेळ वाटे. तो फक्त पाय बघायचा. "गुरुजी, तुम्ही आराम करा, मी सांभाळतो," म्हणाला, आणि सांभाळता सांभाळता सहा महिन्यांत दारावरची पाटी बदलली. एका बुधवारी बाबा काठी टेकत तिथं गेले. त्यांचा दुसरा हात अकरा वर्षांच्या बारकीच्या हातात होता. उंच्या दारात आडवा उभा राहिला आणि आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गुरुजी, वर्ग चालू असताना असं येत जाऊ नका. भेटायचं तर रविवारी या. आणि फोन करून या."

बाबांनी काठी मागे घेतली. बारकीच्या मुठीतली त्यांची बोटं सैल पडली, एखाद्या जुडीचा दोरा सुटावा तशी. ती बोटं तिने तेव्हा घट्ट धरली, ती आजतागायत सोडली नव्हती.

*

"सोड गं, बारके," बाबा त्या संध्याकाळी म्हणाले. पंचाहत्तरी गाठलेले बाबा खिडकीत बसून शेंगा सोलत होते. पुस्तिका त्यांनी नुसती चाळली, सातव्या पानावर जरा थबकले, आणि मिटून परत दिली. "चालू दे त्याचं आहे तसं."

"आहे तसं?" आत्या स्वयंपाकघरातूनच कडाडली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. बारकीला तिनेच वाढवलं, आणि चार वर्षं उंच्यालाही तिनेच जेवू घातलं होतं. "मेल्याने चार वर्षं या घरात खाल्लं, आणि निघताना ताटसुद्धा उचललं नाही. उचललं ते काय, तर दादाची पावलं! आणि हा म्हणतो चालू दे."

"तू कशाला रक्त आटवतेस?"

"माझं रक्त आहे, मी आटवीन. तू शेंगा सोल."

बाबा शेंगा सोलत राहिले. बारकीला वाटलं, या माणसाच्या पोटात कधी आग पेटलीच नाही का? रोज सकाळी भिंत धरून नऊ पावलं टाकायची, सातव्याला पाय ओढायचा, आणि खाली बसून चहा प्यायचा. तिची आग मात्र तीस वर्षं चुलीच्या मागच्या बाजूला ठेवलेल्या भांड्यासारखी मंद रटरटत होती. आज ते भांडं कुणीतरी ओढून पुढच्या आचेवर ठेवलं होतं.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "त्याला मारायचं कसं हे मला कळलंय."

"लाटणं घेऊ?"

"चमचा," बारकी म्हणाली.

*

एका गोष्टीची खबर बारकीशिवाय कुणाला नव्हती. काही वर्षांपूर्वी भोपळा पोखरताना तिचा चमचा आतून घसरला आणि गर नको तितका खरवडला गेला. बाहेरून साल जशीच्या तशी, काही कळायला मार्ग नाही. पण आत दिवा ठेवला तेव्हा तिथं, जिथं बाहेर काहीच कोरलेलं नव्हतं तिथं, एक उजळ डाग उमटला. दिवा काढला, डाग गेला. हातून झालेली ती चूक तिने कुणाला दाखवली नव्हती. शिळ्या भाकरीच्या तुकड्यासारखी बांधून ठेवली होती, कधी लागली तर.

गुरुवारी भोपळे आले. तिने एकेकाला हाताने थोपटलं. भरीव आवाजाचे पुढे, पोकळ आवाजाचे मागे. तळातून गोल झाकण कापलं, कारण वरून कापलं की देठ सुकतो आणि भोपळा म्हातारा दिसतो. बिया, धागे काढले. मग पुस्तिकेतले फोटो कागदावर मोठे करून भोपळ्यावर चिकटवले आणि टाचणीने रेषेरेषेवर टोचून घेतले. टोचलेल्या ठिपक्यांवरून साल खरवडली, तशी सरांची आकृती वर आली. लांब हात, लांब पाय, पट्ट्याची गाठ. पहिलं, दुसरं, तिसरं. सहाव्यापर्यंत तिने सांगितलेलं काम चोख केलं. कापलेल्या कडांना व्हॅसलिन लावलं आणि ओलं फडकं पांघरून भोपळे थंड खोलीत निजवले.

सातवा तिने मांडीवर घेतला.

बाहेरून सरांचा फोटो जसाच्या तसा कोरून झाल्यावर तिने लांब दांड्याचा चमचा उचलला आणि हात कोपरापर्यंत आत घातला. आत अंधार होता, ओलसर, गार. डोळ्यांचा काही उपयोग नव्हता. बाहेरच्या बाजूला डाव्या हाताची बोटं ठेवून ती आतल्या चमच्याला वाट दाखवत होती. इथं गुडघा. इथं पट्टीचा पहिला वेढा, दुसरा, तिसरा. इथून खाली काठी, सरळ. गराचे पापुद्रे तिच्या मनगटावरून घरंगळत होते आणि ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती, "सातवं जरा सांभाळ गं, गुडघा तान्हं बाळ गं." चमचा एक कण जास्त गेला असता तर भोक पडलं असतं आणि सगळं उघडं पडलं असतं. तिचा हात हलला नाही. तो हात स्थिर ठेवायला तिला कुणी शिकवलं होतं हे सांगायला नकोच.

नवव्याच्या बाहेर सरांचा चेहरा, मिशीसकट. आतून तिने रुंद कपाळ खरवडलं, बसकं नाक खरवडलं, आणि डावा कान, जन्मापासून दुमडलेला, एखाद्या पानाची कड मुडपावी तसा. बाहेरच्या रेषा मुद्दाम उथळ ठेवल्या. आतला दिवा जोरात पेटला की त्या विरून जाणार होत्या.

शनिवारी सर बघायला आले. भर उजेडात नऊ भोपळे ओळीने मांडले होते. सरांनी सातव्यावर बोट फिरवलं, नवव्यापुढे जरा रेंगाळले, मिशीवर खूश झाले.

"वा. अगदी मी."

"पसंत आहे ना? मग इथं सही करा," बारकी म्हणाली. "नंतर कुणी म्हणायला नको, ताईने भलतंच कोरलं."

सरांनी हसत हसत सही केली.

*

रविवारी दुपारी तीन वाजता हॉलचे जाड पडदे ओढले गेले. अडीचशे माणसं पांढऱ्या कपड्यांत, कमरेला रंगीत पट्टे. पहिल्या रांगेत हाडांचे डॉक्टर बसले होते. शहरातले नावाजलेले सर्जन, आठ वर्षं सरांकडे शिकत होते, आणि आज काळा पट्टा बांधून अध्यक्ष म्हणून आले होते. मंचावर मागे नऊ भोपळे, पुढे सर. दिव्यांच्या बटणांची पाटी घेऊन बारकी मंचाच्या कडेला उभी. आत्या "भांडी पुसायला येते" म्हणून आली होती, ठेवणीतले कपडे घालून. बारकीने तिला बजावलं होतं, "स्वयंपाकघराच्या दारातून पाऊल बाहेर टाकायचं नाही." आत्या दारातच उभी होती. पाऊल आत होतं, बाकी सगळी आत्या बाहेर.

अंधार झाला. सरांनी पहिलं पाऊल टाकलं, बारकीने पहिलं बटण दाबलं. केशरी उजेडाचा एक माणूस त्यांच्यामागे उभा राहिला. टाळ्या. दुसरं, तिसरं. सर खरंच सुरेख करत होते, ते बारकीला मनातल्या मनात कबूल करावं लागलं आणि त्याचाच तिला जास्त राग आला. चौथ्यात सारं अंग दे. पाचवं. सहावं. 

सातवं. सरांनी गुडघ्यावर तळहात ठेवला आणि पाय अर्धं पाऊल ओढला, डोळे मिटून, अगदी गंभीर. बारकीने बटण दाबलं.

सरांच्या पाठीमागे एक माणूस उजळला. त्याच्या डाव्या गुडघ्याला तीन वेढ्यांची पट्टी होती. त्याच्या हातात काठी होती.

आधी कुणाला काही कळलं नाही. मग पहिल्या रांगेत कुणीतरी हसू दाबलं, ते नाकातून फुटलं. लोक एकदा मंचावरच्या पायाकडे बघत, एकदा मागच्या काठीकडे. सर डोळे मिटूनच होते. त्यांना वाटलं, लोक भारावले. त्यांनी आठवं पाऊल उचललं, नववं टेकलं, वाकले. आणि त्यांच्या वाकलेल्या पाठीवर नववा भोपळा पेटला. रुंद कपाळ, बसकं नाक, दुमडलेला कान. मिशी कुठल्या कुठे विरून गेली होती.

"अगं बाई!" स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "हा तर आमचा दादा!"

सर ताठ झाले. वळले. नवव्या भोपळ्याकडे बघत राहिले, मग सातव्याकडे. आत्या आता दारात राहिली नव्हती. ती रांगांच्या मधून चालत येत होती आणि चालता चालता म्हणत होती, पाठ केलेलं म्हणावं तसं, मोठ्याने, "सातवं जरा सांभाळ गं, गुडघा तान्हं बाळ गं! ओळखलंस का रे उंच्या? का मी पण फोन करूनच यायचं?"

"ह्या बाई कोण आहेत? दिवे लावा!" सर ओरडले. "दिवे लावा म्हणतो ना!"

दिवे लागले. नऊ भोपळे निमूट बसले होते. पट्टी नाही, काठी नाही. सगळीकडे सरच सर, मिशीसकट.

"काय कोरलंस तू?" सर बारकीवर धावून आले.

"तुम्ही पसंत केलं तेच," बारकी म्हणाली आणि सही केलेला कागद पुढे धरला. मग तिने मास्क खाली ओढला. सर बघत राहिले. त्यांना बुधवार आठवला की नाही कोण जाणे, पण त्यांचा चेहरा आतून खरवडल्यासारखा पातळ झाला.

तेवढ्यात हाडांचे डॉक्टर उठले. सावकाश, विचार करत, एखादा एक्स-रे उजेडाला धरावा तसे. "सर, एक विचारू? सातव्या पावलाचं मर्म काय?"

"ते... ते योग्य वेळी..."

"कारण असा पाय ओढणारी दहा माणसं मी रोज तपासतो. गुडघ्यातली गादी फाटली की माणूस अगदी असाच हात ठेवतो, अगदी असाच पाय ओढतो. मला आठ वर्षं वाटत होतं की हे कुठंतरी पाहिलंय." डॉक्टरांनी आपल्या काळ्या पट्ट्याकडे पाहिलं. "म्हणजे मी आठ वर्षं लंगडायला शिकत होतो की काय?"

हॉल फुटला. अडीचशे माणसं हसली. काही हसली नाहीत, ती आपापल्या डाव्या पायाकडे बघत होती.

"गप्प बसा!" सर गरजले. "ती नुसती एक लकब आहे. मी... मी तिच्याशिवाय करून दाखवतो." आणि मंचाच्या मधोमध उभे राहून त्यांनी पुन्हा पहिलं पाऊल टाकलं. सहावं टाकलं. सातव्याला हात गुडघ्याकडे निघाला, त्यांनी तो मागे खेचला. पाय ओढला जाऊ लागला, त्यांनी तो हट्टाने उचलला. पण उचललेला पाय टेकवायचा कुठं? तीस वर्षं त्या पायाला एकच जागा माहीत होती. तो हवेत लोंबकळला, चुकला, स्वतःच्याच दुसऱ्या पायात अडकला, आणि मोठे सर, देशोदेशी शिकवणारे, एका हाताने नवव्या भोपळ्याचा आधार घेत गुडघ्यावर बसले.

कुणी हसलं नाही. बारकीने ती शांतता नीट ऐकून घेतली. तीस वर्षांपूर्वीच्या त्या दारातही अशीच होती.

*

सातवा भोपळा तिने मांडीवर घेऊन घरी आणला. बाबांसमोर ठेवला, आत दिवा लावला आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, आत्या, पाय, काही सोडलं नाही. बाबा भोपळ्याकडे बघत होते. मग त्यांनी भोपळा जरा कलता करून तळातून हात आत घातला आणि बोटांनी चाचपलं.

"पट्टी उलटी गुंडाळलीस," ते म्हणाले. "मी आतून बाहेर गुंडाळायचो."

"आतून कोरताना उलट सुलट होतं, बाबा. पण ऐकलंत ना? तो पडला. सगळ्यांसमोर."

"ऐकलं." बाबांनी सुस्कारा टाकला. "अरेरे."

"अरेरे?" आत्या म्हणाली. "तुला त्याची दया येते?"

"दया?" बाबांनी मान वर केली, आणि बारकीने त्यांच्या डोळ्यांत असं काही पाहिलं जे तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं. एक लहान, जुनी, नीट जपलेली ठिणगी. "अगं, तीस वर्षं तो अडीचशे अडीचशे माणसं गोळा करून माझ्या मोडक्या गुडघ्याची नक्कल करायला लावत होता. वर पुस्तक छापलं. मर्म म्हणाला. मी रोज सकाळी भिंत धरून सातवं पाऊल ओढायचो ना, तेव्हा म्हणायचो, ओढ रे बाबा, तूही ओढ. देशोदेशी ओढ. मग चहा इतका गोड लागायचा!"

आत्या खाली बसली. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"तुझ्याच फोनवर पाहिलं होतं, केव्हाच. त्याने एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही." बाबा बारकीकडे वळले. "आणि तू एका दुपारीत त्याचा पाय सरळ करून टाकलास. म्हणून म्हणत होतो, चालू दे आहे तसं."

 बारकीला वाटलं होतं, आग एकट्या तिचीच आहे. आणि हा माणूस तीस वर्षं त्याच आगीवर रोज चहा करत होता. तिला हसू आलं, मग आत्यालाही आलं, आणि तिघंही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. भोपळ्यातली काठी उजेडात थरथरत होती.

सोमवारी सकाळी फोन वाजला. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी सगळ्या घराला ऐकू जाईल असाच ठेवलेला असे.

"गुरुजी..." पलीकडून आवाज आला. त्या आवाजाने हा शब्द तीस वर्षांत उच्चारला नव्हता, त्यामुळे तो जरा गंजून निघाला. "गुरुजी, डॉक्टर आणि बाकीचे... सगळे विचारतायत. सातवं पाऊल मुळात कसं होतं?"

आत्याने पदर तोंडात कोंबला. बाबा बारकीकडे बघत होते.

"ये की," बाबा गोड आवाजात म्हणाले. "दार उघडंच असतं. रविवारी ये." त्यांनी काठी हातात घेतली. "आणि फोन करून ये हं."

त्यांनी फोन ठेवला आणि भिंत धरून उठले. "सहा दिवस आहेत. उभी राहा, बारके. त्याला मी शिकवणार नाही. तू शिकवशील."

"मला कुठं येतं सरळ सातवं?"

"म्हणून तर सहा दिवस. चल."

बारकी उभी राहिली. आत्या ओट्याशी टेकून गाणं म्हणू लागली. पहिलं उंबऱ्यात, दुसरं वाऱ्यात. सातव्याला बारकीचा हात आपोआप गुडघ्यावर गेला आणि पाय अर्धं पाऊल ओढला गेला. अकराव्या वर्षापासून तिचंही पाऊल तेच होतं.

"हात काढ," बाबा म्हणाले. "तो गुडघा माझा. हा तुझा आहे, धडधाकट आहे. उचल. अजून. आता बाहेरच्या बाजूला, कुणाच्या वाटेत आडवा टाकल्यासारखा. टाक!"

तिने टाकलं. जमीन वाजली. कपाटातल्या बशा किणकिणल्या.

बाबा त्या आवाजाकडे कान लावून उभे राहिले, रचल्यानंतर पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे. त्यांची काठीवरची बोटं घट्ट होती.

"आणि बारके," ते जरा वेळाने म्हणाले, "तो आला की लगेच दार उघडू नकोस. जरा उभा राहू दे."